चिठ्ठीचा कौल

सहलीला कोणी जायचे यावर वर्गात तंटा झाला की मी चिठ्ठ्या टाकतो. पण माणसाच्या मेंदूसाठी चिठ्ठी टाकावी काय?

मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधी फुगा येतो आणि फुटतो. पूर्वी कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावीत. १९९० साली लॉस एंजेलिसला गुल्येल्मी नावाच्या इटालियन डॉक्टराने जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेली आणि फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी भरली. केवढी नाजूक कारागिरी! पण दोहोंत बरे कोणते? जाणत्यांतही एकमत होईना. तेव्हा दोन्ही उपाय चालतील अशा २,१४३ रोग्यांची, होकार घेऊन, चिठ्ठीनेच वाटणी झाली. फरक दिसताच नवे रोगी घेणे थांबले. निकाल २००२ साली छापून आला: वर्षाअखेर मेलेले वा परावलंबी झालेले तारवाल्यांत शेकडा सुमारे २४, कवटीवाल्यांत ३१.

मला ही चिठ्ठी न्याय्य वाटते. ठाऊक नसता ठाऊक असल्याचा आव आणणे हीदेखील चिठ्ठीच, फक्त झाकलेली. तरी शंभरांतल्या त्या सात घरांतली एखादी माउली मला म्हणाली, "गुरुजी, आमचीच चिठ्ठी तशी का निघाली?" तर मी खाली मान घालीन.