नंदाच्या हातातलं पात्र

अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीत डाव्या भिंतीवर एक स्त्री आसनावर कलंडली आहे. मान झुकलेली, पापण्या जड, बोटं सैल सुटलेली. मागच्या दासीने तिला सावरून धरलं आहे, दुसरीने तिचा हात हातात घेतला आहे, आणि जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. १८७२पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला करत होते. भावदर्शनात या चित्राला इटलीचे थोर चित्रकारही मागे टाकू शकले नसते, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांच्यापासून या स्त्रीला ‘मरणोन्मुख राजकन्या’ हे नाव चिकटलं ते आजतागायत.

ती मरत नव्हती. पुढे अभ्यासकांनी भिंतीवरची कथा ओळखली आणि कळलं, की ही सुंदरी, नंदाची पत्नी. सेवकाच्या हातातला मुकुट नंदाचा. नवरा परत येणार नाही हे तिला त्या मुकुटावरून समजलं आहे.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला पात्राच्या मनातलं द्वंद्व कसं उभं करावं हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याच्या उत्तराची एक मोठी शाळा छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर, याच अजिंठ्यात आहे. ती शाळा धर्माची आहे हे महत्त्वाचं. कारण मनातल्या द्वंद्वाचा प्रश्न मुळात धर्माचाच आहे: माणसाला दोन गोष्टी सारख्याच खऱ्या वाटल्या, तर त्याने काय करावं?

नंद हा शुद्धोदन आणि महाप्रजापती गौतमीचा मुलगा, म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ. त्याची गोष्ट पाली ग्रंथांत येते, पण तिच्यात जीव ओतला अश्वघोषाने, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, ‘सौंदरनंद’ या अठरा सर्गांच्या संस्कृत महाकाव्यात. चौथ्या सर्गात सुंदरी चेहऱ्यावर नक्षी रेखते आहे आणि नंद तिच्यापुढे आरसा धरून बसला आहे. थट्टेत तो आरशावर फुंकर घालतो, आरसा धुरकटतो, ती लटकी रागावते. त्याच वेळी बुद्ध दारात भिक्षेला येऊन उभे राहतात. घरातली सगळी माणसं या जोडप्याच्या सरबराईत गुंतलेली, कुणी उटणं वाटतंय, कुणी वस्त्रांना धूप देतंय. कुणाचंच लक्ष जात नाही आणि बुद्ध रिकाम्या पात्राने परत फिरतात. गच्चीवरून एका दासीला ते दिसतं. ती येऊन सांगते तेव्हा नंद चटका बसल्यासारखा उठतो. थोरला भाऊ, त्यातून बुद्ध, आपल्या दारातून विन्मुख गेला! सुंदरी त्याला एका अटीवर जाऊ देते: गालावरची ही नक्षी वाळायच्या आत परत यायचं.

या प्रसंगात खलनायक कुणीच नाही. नंदाला वैराग्य आलेलं नाही, संसाराचा कंटाळा आलेला नाही. तो निघाला आहे ते केवळ रीतीसाठी, चुकलेलं नमस्काराचं देणं द्यायला. घडीभरात परतायचं ठरवून तो पाऊल उचलतो आणि तिथेच अडतो. बुद्धाचा आदर त्याला पुढे ओढतो, सुंदरी मागे. लाटांवर पोहणाऱ्या राजहंसासारखा तो जातही नाही आणि थांबतही नाही, असं अश्वघोष म्हणतो. पुढे ‘कुमारसंभवा’त शंकरासमोर पाऊल उचलून थबकलेली पार्वती कालिदासाने अशाच शब्दांत रंगवली. मन दुभंगल्याचं दृश्य म्हणजे अर्धवट उचललेलं पाऊल, हे आपल्या कवींना फार लवकर उमगलं होतं.

रस्त्यात गर्दी पांगल्यावर बुद्ध आपलं भिक्षापात्र नंदाच्या हातात देतात. एवढंच करतात. आज्ञा नाही, उपदेश नाही. पात्र हातात असताना ते परत दिल्याशिवाय वळता येत नाही, आणि बुद्ध मागे बघत नाहीत. पात्र घेऊन नंद विहारापर्यंत पोहोचतो. तिथे तो एकदा स्पष्ट सांगतो, मला संन्यास नको. मग बुद्धाच्या शब्दापुढे मान तुकवतो. केस उतरवले जातात तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं.

मराठीत ‘पात्र’ म्हणजे भांडं, आणि कथेतली व्यक्ती म्हणजेही पात्रच. भाषेतला हा योगायोग इथे उपयोगी पडतो. नंदाच्या मनात काय चाललं आहे याची पानंच्या पानं अश्वघोष पुढे लिहितो, पण द्वंद्व सुरू होतं ते हातात आलेल्या एका वस्तूपासून. तिचं वजन वाचकालाही जाणवतं. होतकरू लेखक पुष्कळदा उलटं करतात. पात्राच्या डोक्यात चर्चा भरतात, त्याला रात्रभर येरझारा घालायला लावतात आणि हात रिकामे ठेवतात.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ किंवा ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ या म्हणी आपण सरसकट द्वंद्वासाठी वापरतो. पण ती कोंडी आहे. दोन्हीकडे बुडायचंच असेल तर माणूस तडफडतो, पण मनाने दुभंगत नाही. नंदाच्या एका बाजूला विहीर नाही, घर आहे, आणि दुसऱ्या बाजूला आदराचा भाऊ. दोन्हीकडे त्याचं आपलं असं काही आहे.

अश्वघोष स्वतः भिक्षू. निकाल कुठे लागायचा हे त्याचं आधीच ठरलेलं, आणि काव्याच्या शेवटी तो ते लपवत नाही: औषध कडू असतं म्हणून आपण ते काव्याच्या मधात कालवलं. तरीही सातव्या सर्गात तो नंदाला मनसोक्त भांडू देतो. चीवर पांघरलेला नंद स्त्रीच्या प्रेमात सापडलेल्या ऋषींची, राजांची, देवांची यादीच वाचतो. ते सुटले नाहीत, तर मी कोण? मुद्दा बिनतोड आहे. आठव्या सर्गात एक श्रमण त्याला समजवायला येतो आणि स्त्रीनिंदेचा भडिमार करतो. आजच्या वाचकाला तो भाग सोसत नाही, सोसूही नये. पण कवीने एक प्रामाणिकपणा केला आहे. त्या सगळ्या निंदेचा नंदावर काडीचाही परिणाम होत नाही. श्रमण हात टेकतो आणि बुद्धाकडे जाऊन तसं सांगतो.

मग बुद्ध काट्याने काटा काढायचं ठरवतात. नंदाला हिमालयात नेतात, तिथली एक डोळा गेलेली वानरी दाखवून विचारतात, हिच्यात आणि तुझ्या सुंदरीत जास्त सुंदर कोण? नंद हसतो. पुढे स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवतात आणि तोच प्रश्न विचारतात. आता नंद म्हणतो, वानरीचं सुंदरीपुढे जे झालं तेच सुंदरीचं यांच्यापुढे. तप केलंस तर या तुझ्या, असं आश्वासन मिळतं आणि नंद जिद्दीने तपाला बसतो.

करुणेपोटी आमिष दाखवावं का? हा प्रश्न बौद्ध परंपरेने कधी टाळला नाही. ‘उदान’ या पाली ग्रंथातल्या कथेत इतर भिक्षू नंदाला भाडोत्री म्हणून हिणवतात. काव्यात बुद्धाचा शिष्य आनंद त्याला सुनावतो, की तू धर्माचा व्यापार मांडला आहेस. नंद लाजतो. या लाजेचा उगम मात्र नीट पाहायला हवा. अप्सरांचा मोह धरला एवढीच ती लाज नसावी. ज्या प्रेमासाठी तो बुद्धाशी भांडला, पुराणांतले दाखले देऊन ज्याची बाजू मांडली, ते प्रेम एका दर्शनात हललं. तोवर भांडण सुंदरी आणि बुद्ध यांच्यामधलं होतं. आता ते नंदाचं स्वतःशी झालं. एखाद्या लेखकाने अश्वघोषाकडून एकच गोष्ट उचलायची असेल, तर ही उचलावी: पात्राला बाहेरून हरवू नये, त्याला स्वतःच्या शब्दाचा खरेपणा तपासायची वेळ आणावी.

शेवटी नंद अर्हत, म्हणजे मुक्त होतो, अप्सरांचं वचन परत करतो आणि इतरांना शिकवायला निघतो. सुंदरीचं काय? सहाव्या सर्गात ती वाट पाहत असते. जिन्यावर पावलं वाजतात, ती हरखून उठते, आणि वर येते ती एक दासी. आधी तिला वाटतं, नवरा दुसरीच्या नादी लागला. खरं कळतं तेव्हा ती कोसळते. सवतीशी भांडता येतं, भिक्षापात्राशी कसं भांडणार? अठराव्या सर्गात बुद्ध नंदाला सांगतात, की तुझं हे ऐकून तीही घरात स्त्रियांना वैराग्याच्या गोष्टी सांगू लागेल. तिच्याबद्दलचा तो शेवटचा शब्द. तिला कुणी विचारलेलं नाही.

अजिंठ्याच्या चित्रकाराने विचारलं, असं भिंतीकडे बघून वाटतं. सोळावी लेणी खोदून घेतली वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. विहार भिक्षूंसाठी होता. रोज ध्यानाला बसणाऱ्या, घर सोडून आलेल्या पुरुषांच्या डोळ्यांसमोर चित्रकाराने सोडलेलं घर ठेवलं. पुढच्याच सतराव्या लेणीत बुद्धासमोर त्यांची पत्नी यशोधरा आणि मुलगा राहुल उभे आहेत. बुद्ध प्रचंड, मायलेक इवलेसे. बुद्धाचं मोठेपण त्यात आहेच, पण आपल्याला दिसत राहतात ते त्या दोघांचे वर वळलेले चेहरे. त्यागाची किंमत झाकून त्याग थोर दाखवायचा, ही पळवाट त्या चित्रकारांनी घेतली नाही.

अजिंठ्याच्याच जिल्ह्यात, पैठणजवळ गोदाकाठी, आपेगाव आहे. विठ्ठलपंत कुलकर्णी तिथले. त्यांची गोष्ट नंदाच्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. परंपरा सांगते, की संसारात मन रमेना म्हणून ते काशीला गेले, बायको असल्याचं लपवलं आणि संन्यास घेतला. इकडे आळंदीत त्यांची पत्नी रुक्मिणी अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत होती. यात्रेला निघालेल्या विठ्ठलपंतांच्या गुरूंना तिने नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तिच्या बोलण्यातून आपल्या शिष्याची हकिगत त्यांना कळली. त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत पाठवलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुलं झाली, आणि संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडली.

विठ्ठलपंतांपुढे दोन्ही बाजूंना धर्मच उभा होता. गुरूची आज्ञा हाही धर्म, आणि संन्याशाने माघारी फिरू नये हाही धर्म. नंदाला निदान एका बाजूला ‘मोह’ असं नाव देऊन सुटता आलं. विठ्ठलपंतांना तीही सोय नव्हती. ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि नवरा-बायको दोघांनी पाण्यात देह सोडला, अशी कथा आहे. मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, रेड्याच्या मुखातून वेद आले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पाण्याकडे निघताना, झोपलेल्या मुलांकडे पाहताना त्या बापाच्या मनात काय होतं, तिथे कथा गप्प होते. रुक्मिणीच्या मनाची तर चौकशीही होत नाही. लिहिणाऱ्यासाठी ही रिकामी जागा आहे, आणि चमत्काराने ती बुजवायची घाई करू नये.

त्यांच्याच मुलाने, ज्ञानदेवाने, १२९०मध्ये नेवाशाला गीतेवर टीका सांगितली. गीतेची सुरुवात कशाने होते? हातपाय गळालेला अर्जुन म्हणतो, गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. नंदाला नको असताना भिक्षापात्र दिलं गेलं. अर्जुन ते मागतो आहे आणि कृष्ण त्याला घेऊ देत नाही. संन्यास सोडून आलेल्या बापाचा मुलगा हा प्रसंग मराठीत उलगडतो तेव्हा अर्जुनाचा विषाद त्याने झटपट उरकलेला नाही. त्याच्या कोवळ्या, द्रवलेल्या मनासाठी तो उपमांमागून उपमा देत राहतो. ज्याला बोल लावायचा, त्याला आधी इतकं समजून घेणारा भाष्यकार विरळा.

पैठणच्याच एकनाथांना देवगिरीवर जनार्दनस्वामींनी संसार करायला सांगितलं. घर आणि भक्ती यांची त्यांनी सांगड घातली आणि ती निभावलीही. ते जीवन थोर आहे, पण या प्रश्नाची चिरफाड तिथे होत नाही.

ती पुन्हा झाली आपल्या काळात, छत्रपती संभाजीनगरातून वर आलेल्या एका नाटककाराकडून. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था तिथल्या तरुणांनी उभी केली. त्यांतले प्रशांत दळवी यांनी ‘ध्यानीमनी’ लिहिलं, चंद्रकांत कुलकर्णी यांनी ते बसवलं, आणि २०१७मध्ये त्यावर चित्रपटही आला. सदानंद आणि शालिनीला मूल नाही. शालिनीच्या मनाने मात्र मोहित नावाचा मुलगा वाढवला आहे. सदानंदला सगळं ठाऊक आहे, तरी तो घरात मोहित असल्यासारखाच वागतो. एक तरुण पाहुणा येतो आणि सत्य उघड करायचं म्हणतो. नाटकात देव नाही, गुरू नाही, पण प्रश्न तोच, हिमालयातल्या त्या वानरीपासून चालत आलेला. करुणेने पोसलेलं खोटं मोडावं, की जपावं? दळवींनी पाहुण्याला मूर्ख केलं नाही आणि सदानंदला भाबडा केलं नाही. म्हणून नाट्यगृहात बसलेला माणूस क्षणाक्षणाला बाजू बदलतो.

सोळाव्या लेणीत आता प्रकाश मंद ठेवतात. चित्रांचे पापुद्रे बऱ्याच जागी निघाले आहेत, रंग काळवंडले आहेत. लोक घोळक्याने येतात, ‘मरणोन्मुख राजकन्या’ कुठे आहे ते विचारतात, बघतात आणि पुढे सतराव्या लेणीकडे वळतात. थोडं थांबणाऱ्याला सेवकाच्या हातातला तो मुकुट सापडतो, आणि मग त्या स्त्रीच्या गालाकडे, नक्षी होती तिथे, नजर जाते.