हरण्याचा जमाखर्च

आमच्या चिरंजीवांनी पेरूच्या झाडावरून उडी मारून मांडीचं हाड मोडून घेतलं. डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि फर्मावलं, "सहा आठवडे हलायचं नाही." हाड आपलं आपण जुळतं हो, पण नऊ वर्षांच्या पोराचा दिवस कोण जुळवणार? गोष्टींचं माझं भांडवल चार दिवसांत संपलं. मग बुद्धिबळाचा पट काढला.

मी हरू लागलो. वजीर नेमका त्याच्या घोड्याच्या माऱ्यात सरकवायचा आणि कपाळाला हात लावायचा. आता, दहा पैशांचा फरक सापडेना म्हणून रात्री आठपर्यंत खातेवह्या उपसणारा मी कारकून. ही लबाडी कुठल्या खात्यात घालू? आजारी पोराला खोटं जिंकवायचं ही माया की फसवणूक? सौ. म्हणाली, "खेळा मुकाट्यानं!"

रजेच्या शेवटच्या दिवशी मात्र मी चक्क जिंकलो. त्याचा वजीर माझ्या घोड्यापुढे उघडा पडला होता.

"अरे, असा कसा चुकलास?"

"चुकलो नाही काही. उद्यापासून तुम्हाला बँकेत जायचंय ना, म्हणून."

जमेला एक लबाडी, नावे एक लबाडी आणि ताळेबंद पैशाला पैसा जुळलेला! अशा खात्यावर कुठला ऑडिटर शेरा मारील? मी तरी मारला नाही.