पाण्यापुढे उभे राहणे

हवाईच्या किनाऱ्यावर लोक तासन्‌तास लाटा पाहत बसतात, लाटेवर फळी टाकून घसरत जाणाऱ्यांना न्याहाळतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जव्हारजवळच्या दाभोसाला गर्दी लोटते, ती लेंडी नदी सुमारे 300 फुटांवरून कोसळताना पाहायला. दोन्हीकडून परतणारा माणूस जवळपास सारखेच बोलतो: मन शांत झाले, देवळात गेल्यासारखे वाटले. हे वाटणे खोटे म्हणायचे कारण नाही. पण ते धार्मिक आहे का? निसर्गाकडे नुसते पाहणे ही उपासना होते का? मला वाटते, होत नाही. निदान एवढ्याने होत नाही. समोरचे पाणी आपल्याला नकार देऊ शकते, याची जाणीव पाहणाऱ्याला असेल आणि त्या जाणिवेने त्याच्या वागण्याला काही आळा बसत असेल, तरच त्या पाहण्याला उपासना म्हणता येईल.

तत्त्वज्ञ कांटने 1790 मधल्या ग्रंथात याच्या उलट अट घातली होती. खवळलेला समुद्र किंवा उंच धबधबा भव्य वाटतो, तो आपण सुरक्षित जागी उभे असलो तरच. पर्यटनाचा सारा डोलारा याच अटीवर उभा आहे. पण खुद्द हवाईत जुन्या काळी लाटेशी असलेले नाते असे लांबचे नव्हते. फळीसाठी झाड तोडताना त्याला मासा वाहत. समुद्र निपचित असला तर मर्यादवेलीने पाण्यावर फटके मारून लाटांना हाक घालत. (हीच वेल आपल्या कोकणच्या पुळणीवरही पसरलेली असते.) कोना किनाऱ्यावर चांगल्या लाटांसाठी प्रार्थना करण्याचे कुएमानू नावाचे देवस्थान आजही आहे. 1819 मध्ये कापू ही धार्मिक निषेधांची जुनी व्यवस्था मोडली, पुढच्याच वर्षी मिशनरी उतरले आणि असे विधी मागे पडले. तरी आजच्या फळीवाल्यालाही लाट मागवता येत नाही, तिची वाट पाहावी लागते. वाळूवर बसलेल्याचे तसे काही अडत नाही.

जव्हार-मोखाड्यातून समुद्र दिसत नाही, पण वाट पाहण्यावरच इथली शेती उभी आहे. उतारावरची नागली-वरई आणि खाचरातला भात, दोन्ही पावसाच्या भरवशावर. रोपांसाठी राब भाजून ठेवायचा आणि आभाळाकडे डोळे लावायचे. इथल्या वारल्यांच्या देवांत पावसाचा नारनदेव आहे, धान्याची कणसरी आहे. पहिल्या पावसाने उगवलेली रानभाजी आणि पुढे घरात आलेला नवा भात आधी देवाला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. पालघरच्या किनाऱ्यावरचा कोळीही नारळी पौर्णिमेला आधी समुद्राला नारळ देतो आणि मग होडी लोटतो. पावसाळ्याचे दिवस म्हणजे घरातले जुने धान्य सरत आलेले. अशा वेळी समोरची कोवळी भाजी न खुडता थांबणे सोपे नसते. उपासनेची खूण मी शोधेन ती या आवरलेल्या हातात. डोळे भरून पाहणे कोणालाही जमते.

यावर कोणी म्हणेल, हा तर सौदा झाला: भाजी घे, पाऊस दे. त्यापेक्षा काहीच न मागता धबधबा पाहणारा पर्यटक अधिक निष्काम नाही का? पण गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांच्या चार प्रकारांत आर्त (संकटात सापडलेला) आणि अर्थार्थी (काही मागणारा) यांनाही जागा आहे. ज्ञानी श्रेष्ठ खरा, तरी चौघांनाही उदारच म्हटले आहे. शिवाय सौद्यात माल मिळाला नाही तर माणूस दुकान बदलतो. पावसाने दगा दिला म्हणून नारनदेव बदलत नाही. आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याच्या निष्काम असण्याला कितीसे मोल द्यायचे?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पावसावर विसंबून जगण्याचे गोडवे गाणे म्हणजे लोकांच्या हालांवर आध्यात्मिक मुलामा चढवणे नव्हे का? एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जातात, नाहीतर टँकरकडे डोळे लावून बसतात. 1992-93 मध्ये इथल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी हा डोंगरी भाग राज्याला माहीत झाला. त्या उपासमारीत पवित्र असे काही नव्हते आणि टँकरच्या रांगेतही नाही. पाऊस कधी येईल हे माणसाच्या हाती नसते. पडलेले पाणी कुठे न्यायचे हे मात्र माणसेच ठरवतात. नारनदेवापुढे हात जोडणारा पहिल्या गोष्टीपुढे नमतो. दुसरीपुढे त्याने नमावे, असे त्याचा धर्म सांगत नाही.

आणि दुसरी गोष्ट कशी ठरली, हे मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला दिसते. तिथे वैतरणेवर 100 मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण आहे. 2014 पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे दाभोसासमोर उभ्या मुंबईकराला या डोंगरांवरच्या पावसाकडून काहीच नको असते, हे खरे नाही. तो पाऊस त्याने सकाळी घरीच पेल्यातून प्यायलेला असतो. त्याची निरिच्छा टिकते ती मधली जलवाहिनी दिसत नाही म्हणून. शहराला विधी ठाऊक नाही असेही नाही: तलाव भरले की महापौरांनी जलपूजन करायचे, पाण्याला नारळ वाहायचा, असा मुंबई महापालिकेचा रिवाज आहे. नारळ पाण्यात पडतो, पण पहिला हंडा मोखाड्याच्या पाड्याला द्या आणि मग आमचे नळ सोडा, असे त्या पूजेत कोणी म्हणत नाही.