वाढणारे हात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गुरुपौर्णिमेच्या महाप्रसादासाठी सेवेकऱ्यांच्या याद्या होत आहेत. एका केंद्रातून विचारणा आली: एका ताईंच्या हातांवर कोड आहे, त्यांना वाढायला ठेवावं का? काही जणांना ते बरं वाटत नाही. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण प्रश्न एका केंद्रापुरता नाही, म्हणून सर्वांसाठीच लिहीत आहोत.

आधी कोड म्हणजे काय ते पाहू. कातडीला रंग देणाऱ्या पेशी सावळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या रंग किती बनवतात, एवढाच फरक. कोडात काही जागच्या या पेशी नष्ट होतात, बस्स. तिथे जंतू नाही, म्हणून संसर्गही नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने कोड होत नाही. त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, त्या नावानेच निम्मा घोळ केला आहे. कुष्ठरोग वेगळा. तोही औषधाने पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्याचा संसर्ग थांबतो.

*मग स्वयंपाकघरात धोका कोणाच्या हाताचा?* बोटाला पिकलेली जखम असेल, तर त्यातले जंतू अन्नात उतरतात आणि पंगतीला उलट्या-जुलाब होऊ शकतात. खरूज अंगाला अंग लागून पसरते. अशा सेवेकऱ्याने बरं होईपर्यंत अन्नाला हात लावू नये. पण चिंधी बांधलेल्या बोटाने कोणी कणीक मळत असेल, तर आपण काही म्हणत नाही. पांढरा डाग दिसला की मात्र कुजबुज सुरू. म्हणजे आपण ज्याला काळजी म्हणतो, ती काळजी नव्हे. ती किळस आहे, सोवळ्याचं नाव घेतलेली.

कोणी म्हणेल, हे पूर्वकर्माचं फळ. कर्माचा सिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या अंगावरचे डाग मोजण्यासाठी नाही. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं पोर एकनाथ महाराजांनी उचलून कडेवर घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याची जात विचारायला ते थांबले नाहीत.

आणखी एक सूचना आली: ताईंना आत भाजी चिरायला बसवा, म्हणजे कोणी दुखावणार नाही. पण मग ताईंच्या दुखावण्याचं काय? शांततेची किंमत दर वेळी एकाच माणसाने का मोजायची? कोणी पंगतीतून उठलाच, तर त्याला प्रेमाने समजवू. ताईंना मात्र उठवायचं नाही.

तेव्हा एवढं करावं:
🔸 सर्व सेवेकऱ्यांनी नखं कापावीत, साबणाने हात धुवावेत.
🔸 जखम, पू, खरूज असेल त्यांनी या वेळी चपला सांभाळण्याची सेवा घ्यावी. खरजेचं औषध डॉक्टर सांगतील तसं घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं.
🔸 नायट्यावर मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम परस्पर आणून लावू नये, नायटा चिघळतो.
🔸 कोडाची कातडी उन्हाने लवकर भाजते. त्या ताईंना सावलीतली पंगत द्यावी.

आणि त्यांना काय आवडेल, हे आधी त्यांनाच विचारावं. आदर्श म्हणून पुढे उभं करणं हाही एक त्रासच असतो. त्या वाढायला आल्या की आपण फक्त पान पुढे करायचं.

श्रीगुरुचरणी अर्पण 🙏