सटवाईचा लेख आणि सहा मणी

पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि कपाळी नशीब लिहून जाते. ही समजूत महाराष्ट्रात अजून पुसलेली नाही, आणि तिची थट्टा करावी असे मला वाटत नाही. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळे पहिल्या आठवड्यातच जातात. जीव खरोखर टांगणीला असतो त्याच दिवसांभोवती बायकांनी ही पूजा मांडली. बाळ गमावलेल्या आईला त्यात आधारही होता: लेखच तसा होता, तुझा दोष नाही. पण त्या लेखातले दैवाचे किती आणि माणसांच्या हातचे किती, हे विचारायलाच हवे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव पाचवे आहे. त्याआधी अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने आणि चेष्टा येतात. साधन बदलले की दैवाची हद्दही मागे सरकते, असे मी त्यातून समजतो.

ती किती सरकते, हे गडचिरोलीत दिसले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, बाळाला ऊब देणारी झोळी, श्वास अडकलेल्या बाळाला हवा देण्याचे साधन आणि जंतुसंसर्गावरचे जेंटामायसिनचे इंजेक्शन होते. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मणी लावलेले एक साधे यंत्रही बंगांनी बनवले होते: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपण्याआधी तान्ह्या बाळाचे सहा मणी सरकले तर धोका. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या बाईलाही ते जमते. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. गावे तीच होती, दारिद्र्य तेच होते, आणि सटवाईही तीच.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: श्रीमंताच्या बाळाला अतिदक्षता विभाग आणि गरिबाच्या बाळाला मणी, हा कसला न्याय? स्वस्त उपाय दाखवून सरकारने रुग्णालय बांधायचे टाळले, तर तो अन्यायच आहे. मात्र स्वस्त म्हणजे दुय्यम, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे यांनी १९७८ साली इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधली. तेव्हा ती नाइलाजाची सोय होती. पुढे भारत आणि आफ्रिकेतील चार देशांतल्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईशी बिलगवलेल्या गटात १२ टक्के बाळे दगावली, तर नेहमीची काळजी मिळालेल्या गटात १५.७ टक्के. ही सारी व्यवस्था रुग्णालयातच होती. म्हणजे आईची ऊब ही रुग्णालयाऐवजी द्यायची गोष्ट नव्हे. ती रुग्णालयातही हवी.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. दैव मागे सरकले की मोकळ्या झालेल्या जागी दोष येऊन बसतो, आणि तो बहुधा आईच्याच डोक्यावर ठेवला जातो: उशीर का केलास, दूध का पाजले नाहीस? ज्या समजुतीने तिला निदान दोषमुक्त केले होते, तीही आपण काढून घेतो. म्हणून जबाबदारी त्या साधनावर ज्याचा ताबा आहे त्याच्याकडे जायला हवी. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळासाठी घरभेटी देतात. तिसरा आणि सातवा दिवस त्यांत आहेच. त्या भेटीत पिशवीत औषध नसेल, तर चूक आईची नाही आणि आशाताईचीही नाही. पावसाळ्यात गडचिरोलीतल्या पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडकडची गावे तुटतात, हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे. जूनपूर्वी तिथे इंजेक्शने पोहोचली नाहीत, तर ऑगस्टमध्ये गेलेल्या बाळाचा लेख सटवाईने लिहिलेला नसतो.