पट्टा तुझ्याच हातात आहे ना?

दत्तगडाच्या वाटेवर कुत्रं बसलं रे बसलं की तुझं डोकं मोबाइलमध्ये. म्हणजे 'दिसलंच नाही' म्हणायला मोकळा. कुणाला फसवतोस? पट्ट्याला ओढ बसते, ती हाताला कळत नाही?

म्हणे, 'सर, खतच होतं की.' विज्ञानात पैकीच्या पैकी घेणारा तू! गाय कडबा खाते. तुझं कुत्रं मटण खातं. त्याच्या गुवात जंतांची अंडी असू शकतात. पावसानं गू वाहून जातो, अंडी मातीत महिनोन्महिने तग धरतात. त्याच मातीत पोरं गोट्या खेळतात आणि तसल्याच हातांनी वडापाव खातात. हुकवर्मच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला आपल्या दिघीवरूनच जाते. वारकऱ्यांतले कितीतरी अनवाणी असतात. त्यांच्या पाया पडतोस ना? मग त्या पायांखाली काय ठेवतोस?

'भटक्यांचं कोण उचलतं?' त्यांना मालक नाही. तुझ्या कुत्र्याला आहे की नाही, तेवढं सांग.

'महापालिकेला कर भरतो.' भरतोस, उपकार नाहीत. झाडणाऱ्या मावशींचा खराटा त्यावरून एकदा फिरला की गू हातभर फरफटतो, काड्यांत अडकतो. मग तो खराटा धुवायचा कुणी? त्यांनीच. तुझ्या आईवर ही वेळ आली असती तर?

आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून नाल्यात भिरकावतोस, हा तर कहर. तुला वाटतं, उचललं म्हणजे झालं. पावसाळी गटार मैलाशुद्धीकरणाला जात नाही बाबा, नाल्यात आणि पुढं नदीत जातं. इंद्रायणीला फेस आला की स्टेटस ठेवायला तूच पुढं! पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्या तरी आणतोस कुठून?

आता ऐक. जुन्या वर्तमानपत्राची दुहेरी घडी खिशात ठेव. कुत्रं बसलं की मागून सरकव. घरी आण, गू संडासात टाकून पाणी ओत. कागद त्यात टाकू नकोस. तो डायपर-पॅडच्या कचऱ्यासोबत वेगळा दे. सोसायटीच्या खताच्या पिंपात तर अजिबात नको. ढीग साठ अंशांवर तापून काही दिवस तसाच राहिला तर अंडी मरतात, आपल्या पिंपाचा तो भरवसा नाही. गावाकडं अंगण असेल तर विहीर आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, हातभर खोल पुरून टाक. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर दे.

यात न जमण्यासारखं काय आहे? न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून न उचलणाऱ्याला दंड होतो. तुलाही पावती फाटल्याशिवाय हात हलवायचा नाही का? बारा हजारांचं पिल्लू आणताना हौस होती, आता कागद धरायला किळस येते?

परवा फेकलेली तुझी पिशवी अजून नाल्याच्या काठावर बाभळीला लटकते आहे. आधी ती काढ. मग मला तोंड दाखव.