परवानगी कुणाची, राखण कशाची

लिनक्सवर एखादा प्रोग्राम बसवताना टर्मिनलवर 'पर्मिशन डिनाइड' उमटलं की माणसाचा पारा चढतो. कॉम्प्युटर माझा, विजेचं बिल मी भरणार, आणि हाच मला नाही म्हणतो! कारण बहुतेकदा किरकोळ असतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या स्क्रिप्टवर वाचण्या-लिहिण्याची मुभा असते, चालवण्याची नसते. 'चमॉड'ने तेवढी दिली की काम भागतं. पण घाईत कोण बघतो? कुणी थेट ७७७ ठोकून सगळ्यांना सगळी मुभा देऊन टाकतो, कुणी आज्ञेच्या आधी 'सुडो' लावून यंत्राचे सर्वाधिकार घेतो. पहिल्या वेळी हा सुडो छोटंसं प्रवचनही देतो: दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा. ते वाचून होण्याआधीच पासवर्ड देऊन झालेला असतो.

यातले 'दुसरे' कोण? युनिक्सची सुरुवात १९६९ साली बेल लॅब्जमध्ये झाली आणि सुडो १९८० च्या सुमारास बफलोच्या विद्यापीठात लिहिला गेला. तेव्हा एका यंत्रावर अनेकजण काम करत. एकाने दुसऱ्याच्या फायलींना हात लावू नये, आणि सगळ्यांचं यंत्र कुणा एकामुळे बंद पडू नये, यासाठी ही बंधनं. आज घरच्या टेबलावरच्या यंत्रावर माणूस एकच, व्यवस्था मात्र तीच.

म्हणून गंमत होते. भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं. आपली ट्रंक जाळायला कुणाचीच आडकाठी नसते. कॉम्प्युटरवरही तसंच. सिस्टिमच्या फायलींवर कडक पहारा असतो, आणि त्या बिघडल्याच तर तासाभरात पुन्हा बसवता येतात. पण मुलीच्या बारशाचे फोटो, आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, दहा वर्षांचे हिशेब आपल्याच खात्यात असतात. आपल्या नावाने चालणारी कुठलीही स्क्रिप्ट ते न विचारता पुसू शकते.

जानेवारी २०१५ मध्ये हे दिसलंच. 'स्टीम' हा खेळांचा प्रोग्राम सुरू करणारी स्क्रिप्ट आधी स्वतःचा फोल्डर शोधत असे. फोल्डर हलवलेला असला की तो सापडत नसे, नावाची जागा रिकामी राही, आणि 'या फोल्डरातलं सगळं पूस' याचा अर्थ 'मुळापासून सगळं पूस' असा होई. लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या वर 'भीतिदायक!' अशा अर्थाची टीप टाकली होती, हे विशेष! सुडो न वापरताही लोकांच्या फायली गेल्या, जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कवरच्यासुद्धा. सिस्टिम तेवढी शाबूत राहिली.

फोन या बाबतीत शहाणा निघाला. अँड्रॉइडमध्येही आत लिनक्सच आहे, पण तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानतात. म्हणून साधा टॉर्चसुद्धा फोटो पाहायचे तर आधी विचारतो. डेस्कटॉपवर 'फ्लॅटपॅक' ही प्रोग्राम बसवण्याची पद्धत तसं करू पाहते, तरी कित्येक प्रोग्राम आल्या आल्या आपल्या फायलींचा सगळा होम फोल्डर मागतात आणि त्यांना तो मिळतोही. अनोळखी स्क्रिप्ट चालवून बघायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळं साधं खातं उघडावं, आपल्या होम फोल्डरला इतरांना वाचायचीही मुभा ठेवू नये, आणि बॅकअपची डिस्क तेवढा वेळ काढून कपाटात ठेवावी.